वाघुळ्यांच्या कमानीवरचे पंख

घाटनांदूरच्या मोहनराव वाघुळ्यांना कुणी 'जावयाचा मोहन' म्हटलं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. म्हणणाऱ्याच्या मनात दर वेळी काही वाकडं असायचं असंही नाही. गावात मोहन नावाची माणसं बरीच, तेव्हा कोणता मोहन हे कळायला काहीतरी जोड लागतेच. कुणी डेअरीचा मोहन, कुणी ठेसनावरचा मोहन, तसा हा जावयाचा. मोहनरावांचे वडील नांदूरघाटाहून इथं घरजावई म्हणून आले होते. सासऱ्याला मुलगा नव्हता, जमीन मात्र चांगली काळी होती. वडिलांनी उभा जन्म ती कसली, विहीर पाडली, बांध घातले, पण गावानं त्या शेताला 'जावयाचा मळा' म्हणायचं काही सोडलं नाही. वडील हसून सोडून द्यायचे. मोहनरावांना ते कधी जमलं नाही.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर कुणी ते मानणार नाही. कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं असलं की जीप यांचीच निघायची. एकुलत्या एक मुलीला, आरोहीला, त्यांनी अंबाजोगाईला ठेवून फार्मसी शिकवली. गावातल्या पाटील-देशमुखांनीही आपल्या पोरींना इतकं शिकवलं नव्हतं. पण मान म्हटला की या माणसाचं डोकं फिरायचं. लग्नपत्रिकेत नाव खालच्या ओळीत छापलं असेल तर मोहनराव लग्नाला जात, आहेर देत, आणि न जेवता परत येत. यजमानाच्या ते लक्षातही येत नसे. हे उपाशीपोटी घरी येऊन बायकोवर चिडत.

आडनावाचंही दुखणं होतंच. मोहनरावांच्या मते वाघुळे हे आडनाव वाघावरून आलं होतं. कुणा पूर्वजानं म्हणे बालाघाटाच्या डोंगरात नुसत्या कुऱ्हाडीनं वाघ लोळवला होता. गावातल्या टवाळांच्या मते ते सरळ वटवाघळावरून आलं होतं, आणि दिवसा झोपायची मोहनरावांची सवय हा त्याचा पुरावा होता. भावकी असती तर चार वाघुळ्यांनी मिळून टवाळांना गप्प केलं असतं. पण घाटनांदुरात वाघुळ्यांचं एकच घर. नांदूरघाटाला चुलतभाऊ शहादेव होता, त्याच्याशी बोलणं बंद. एका लग्नात शहादेवानं यांना पंगतीत 'या जावयाचे चिरंजीव' म्हणून हाक मारली होती. शहादेव गंमत करून विसरला. मोहनराव विसरले नाहीत.

अशात गावोगाव ते आडनावांच्या लोगोचं खूळ आलं. पोरांनी मोबाइलवर बघून बघून गाड्यांच्या मागच्या काचांवर आडनावं काढली. आधी नुसतं नाव, मग नावाखाली तलवार, मग ढाल, वर मुकुट, दोन्हीकडं सिंह. ज्यांच्या घरात विळ्याशिवाय दुसरं पातं नव्हतं त्यांच्या पत्रिकांवरही दोन-दोन तलवारी एकमेकींना छेद देऊन उभ्या राहिल्या. मग गाड्यांवरून हे लोगो फाटकांवर गेले. मोहनरावांनी ते पाहिलं आणि त्यांच्या मनानं घेतलं की मळ्याच्या तोंडाशी लोखंडी कमान उभी करायची, कमानीवर मोठ्या अक्षरांत 'वाघुळे' आणि वर सोनेरी रंगातली ढाल. येणाराजाणारा ती वाचेल आणि जावयाचा मळा हे नाव आपोआप पुसलं जाईल.

अंबाजोगाईला गुरुलिंगअप्पांचं फाटकं-कमानी करायचं दुकान होतं. पत्र्यातून नक्षी कापायचं यंत्र त्यांनी नुकतंच आणलं होतं. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले गुरुलिंगअप्पा संगणकाशी बसले आणि मोहनराव त्यांच्या खांद्यावरून वाकून बघू लागले. दुकानात आणखी पाच-सहा गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. ढाल झाली. दोन वाघ झाले. मुकुट झाला. ढालीच्या मधोमध मात्र जागा रिकामी राहिली.

"हितं देवक घालू का?" गुरुलिंगअप्पांनी विचारलं. "मराठ्याच्या घरचे लोक आता देवकच घालायलेत. कुनी शंख, कुनी कळंबाचं पान. तुमचं काय हाय?"

मोहनरावांचं देवक रुई होतं. देवक म्हणजे कुळाची खूण. लग्नाच्या आदल्या दिवशी ती घरी आणून पुजायची, एरवी तिचं नावही फारसं निघत नाही. ज्यांचं देवक एक, ती माणसं भाऊभाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. वाघुळ्यांची ही खूण म्हणजे रुईची डहाळी. रुई कुठंही उगवते, पडक्या भिंतीत, उकिरड्यावर, रेल्वेच्या रुळांशेजारी. मोहनरावांच्या बहिणीच्या लग्नात वडिलांनी ती डहाळी वाजतगाजत आणली तेव्हा गावची पोरं 'उकिरड्यावरचं झाड, उकिरड्यावरचं झाड' म्हणत मागं नाचली होती. मोहनराव तेव्हा लहान होते, नवीन सदरा घालून मिरवत होते, आणि त्या दिवशी त्यांना जमिनीनं गिळावं असं वाटलं होतं.

चहा पिणारी माणसं कान देऊन बसली होती.

"गरुडपंख," मोहनराव म्हणाले.

"वा! मग तर सोप्पं," गुरुलिंगअप्पा खूश झाले. "मधी कशाला कोंबायचं? ढालीच्या दोनी बाजूंनी पंखच सोडू की. लई भारी दिसंल."

आणि खरंच भारी दिसलं. कमान उभी राहिली त्या दिवशी मोहनरावांनी फेटा बांधून गाव जेवू घातलं. पंख चांगले हातभर लांब होते आणि उन्हात झळकत होते. टवाळ म्हणाले, चला, वटवाघळाला पंख तरी मिळाले. पण ते हळू म्हणाले. छबुबाईंनी, म्हणजे मोहनरावांच्या बायकोनं, कमानीकडं बराच वेळ पाहिलं.

"आपली रुई कुटं गेली?" त्यांनी विचारलं.

"शोभंला केलंय ते. त्याला काय होतंय?" मोहनराव म्हणाले, आणि गोष्ट तिथंच मिटली. निदान त्यांना तसं वाटलं.

आरोहीचं मन सिरसाळ्याच्या सूरज ढगारेवर बसलं होतं. कॉलेजातली ओळख. शिक्षण संपवून तो सिरसाळ्यालाच आपल्या घरचं खता-बियाण्यांचं दुकान बघत होता. घर तालेवार, मुलगा सरळ, जात एक, आडनाव वेगळं. पोरांनी आपसात ठरवलं आणि मग मोठ्यांनी बघण्याचा कार्यक्रम असा केला की जणू सगळं त्यांनीच जुळवलंय. दोन्हीकडं आनंद. आरोही त्या दिवसांत घरात गुणगुणत फिरायची आणि विनाकारण आईच्या गळ्यात पडायची. बैठकीत नोकरी-धंद्याचं बोलणं झालं, शेतीचं झालं, कार्यालय कुठलं घ्यायचं तेही झालं. देवक विचारायचं राहून गेलं. ते विचारायचं काम ढगाऱ्यांच्या धर्मराज आबांचं, आणि सूरजचे हे चुलत आजोबा तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लातूरला होते. आबा पहिल्यांदा आले ते थेट साखरपुड्याला.

साखरपुडा मळ्यातच ठेवला होता. मोहनरावांना सगळ्या पाहुण्यांना कमानीखालून आणायचं होतं. गाड्या कमानीबाहेर थांबल्या, हलगी वाजायला लागली, मोहनराव फेट्याचा शेमला सावरत पुढं झाले. आबा काळा चष्मा लावून, पुतण्याचा हात धरून चालत होते. कमानीखाली आले आणि थांबले. चष्मा वर करून त्यांनी नव्या डोळ्यांनी वर पाहिलं.

"हे पंख कावून काढलेत, पाव्हणं?"

मोहनरावांना आयुष्यभर कुणीतरी हेच विचारावं असं वाटत होतं. मागं सगळं गाव उभं होतं, पुढं ढगाऱ्यांच्या गाड्या. त्यांनी छाती पुढं काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमचं देवक हाय, आबा. गरुडपंख!"

आबांचा चेहरा पडला. त्यांनी हात वर केला. हलगी थांबली.

"आमचं बी गरुडपंखच हाय," ते म्हणाले.

पुढची माणसं गप्प झाली, ती का गप्प झाली म्हणून मागची पुढं सरकली, आणि कुजबूज मांडवापर्यंत पोचली. गावातल्या जुन्या माणसांना रुई आठवत होती, पण दुसऱ्याच्या कुळाचं आपण कसं बोलायचं म्हणून कुणी पुढं झालं नाही. मांडवात आरोही पाटावर बसली होती. हिरव्या साडीत, हात मेंदीनं रंगलेले. सिरसाळ्याच्या बायका ओटीचं ताट घेऊन अर्ध्यातच उभ्या राहिल्या. कुणीतरी तिला म्हणालं, "ऊठ बाई, घरात जा." ती उठली नाही. काय झालं ते तिला कळलं होतं, आणि ते खोटं आहे हेही तिला ठाऊक होतं. लग्नकार्य सोडून रुईला आमच्यात तोडत नाहीत असं आईनं तिला लहानपणापासून बजावलं होतं. ती वाट बघत बसली, आपले वडील, आप्पा, आत्ता सांगतील म्हणून.

मोहनरावांना सांगायचं होतं. तोंडात शब्द आला होता. पण कमान डोक्यावर होती, त्यावर सोनेरी पंख होते, खाली गाव उभं होतं, आणि अर्ध्या मिनिटापूर्वी ते स्वतःच छाती काढून बोलले होते. आता काय म्हणायचं? की मी लाजलो? की माझं देवक उकिरड्यावर उगवतं म्हणून दुसऱ्याचं चोरलं? ज्यानं आपलं देवक नाकारलं त्याला कुळ तरी कुठलं उरलं? उद्यापासून सगळं गाव काय म्हणेल ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं.

तेवढ्यात छबुबाई डोक्यावरचा पदर सावरत पुरुषांतून वाट काढत आल्या. बाईनं असं येणं रीतीत नव्हतं, पण त्या आल्या.

"आबा, हे शोभंचं हाय. आमचं देवक रुई हाय. माज्या लग्नात रुईच पुजलती. देवाशपथ."

आबांनी मोहनरावांकडं तोंड फिरवलं. म्हाताऱ्यालाही हे लग्न मोडायचं नव्हतं, त्याच्या आवाजात चक्क आशा होती. "मालकीन म्हनत्यात रुई हाय. तुमी काय म्हनता, मोहनराव? तुमी म्हनाल ते खरं."

सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. सूरज तर हात जोडायचाच बाकी होता.

"बाईमाणसाला काय ठावं आमच्या कुळाचं?" मोहनराव म्हणाले. "ती परक्या घरची हाय."

तीस वर्षं त्या घरात खपलेली बाई तिथंच उभी राहिली. मग वळली आणि आत जाऊन तिनं मुलीला पाटावरून उठवलं. सिरसाळ्याची मंडळी पाणीही न पिता गेली.

आरोही रडली असेल, पण बापापुढं नाही. दुसऱ्या दिवशी ती मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली.

"आप्पा, मी शहादेवकाकाला फोन केलता. काका म्हणतो, मी सिरसाळ्याला येतो आणि चार माणसांत सांगतो, नांदूरघाटाचे समदे वाघुळे रुईवाले हायेत म्हणून. तुमी फक्त हो म्हणा. आबा म्हणालेत, घरच्या कर्त्यानं हो म्हटल्याशिवाय ते दुसऱ्या कुणाचं धरणार न्हाईत."

शहादेवचं नाव निघालं आणि मोहनरावांच्या डोक्यात सणक गेली. तो येणार, चार माणसांत उभा राहणार, आणि जावयाच्या पोरानं देवक बदललं ही गंमत जन्मभर पंगतीपंगतीत सांगणार. त्यांनी मुलीच्या हातातून मोबाइल घेतला, शहादेवला फोन लावला आणि एकच वाक्य बोलले. "आमच्या घराच्या भानगडीत पडलास तर तंगडं तोडीन, ध्यानात ठेव." शहादेव पलीकडून 'आरं पोरीचा इचार कर बे' म्हणत होता. त्यांनी फोन बंद केला.

तिकडं सूरजच्या आईनं अन्न सोडलं. पोराच्याच बहिणीला सून करून आणायची नाही म्हणून. सूरज आधी म्हणायचा, आपण कोर्टात लग्न करू. मग म्हणायला लागला, थोडं थांबू. मग आरोहीचे फोन उचलताना त्याला कसंतरी व्हायला लागलं. एकदा तो बोलता बोलता रडायला लागला आणि म्हणाला, "खरंच आपण भाऊबहीण असलो तर?" त्या दिवसानंतर तिनं त्याला फोन केला नाही.

मग आबांचा निरोप आला. पोरं दोन वर्षं एकत्र फिरली, मोटारसायकलवर बसलेली लोकांनी बघितली, याचा बोभाटा झालाय. दोन्हीकडं पुढं सोयरिकी जमायच्या तर तोंडं बंद करायला पाहिजेत. तेव्हा पोरीनं सूरजला राखी बांधावी, ओवाळावं, म्हणजे भाऊबहीणच होते असं होऊन जाईल. म्हाताऱ्याला हे पुण्याचं काम वाटत होतं. मोहनरावांनी हो म्हणून कळवलं. छबुबाई म्हणाल्या, "मी येनार न्हाई," आणि आल्या नाहीत.

ढगाऱ्यांच्या ओसरीत सतरंजी अंथरली होती. पाटावर सूरज बसला होता, डोक्यावर टोपी, मान खाली. ताटात निरांजन, कुंकू, पेढे आणि एक लाल गोंड्याची राखी. बायका दारात उभ्या होत्या, कुणाला कुणाकडं बघवत नव्हतं. आरोहीनं राखी हातात घेतली आणि बापाकडं पाहिलं. अगदी सरळ पाहिलं, लपवून नाही. एक शब्द पुरे होता. दोन अक्षरांचा शब्द. तिला तो बोलता येत होता, आईला येत होता, काकाला येत होता, पण ज्याच्या तोंडून तो खरा ठरायचा त्या माणसानं शेमला खांद्यावर नीट घेतला आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरावर नेली.

तिनं राखी बांधली. मग ओवाळलं.

"दादा म्हन बाळा," आबा मायेनं म्हणाले. "तोंडानं म्हन, म्हंजी पोरगं मोकळं हुईल."

"दादा," आरोही म्हणाली.

सूरज तसाच उठून आत गेला. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. आबांनी आरोहीला साडी दिली, पाया पडलेल्या तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि 'आता तू आमची लेक' म्हणाले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मोहनरावांना पेढा दिला, तो त्यांनी खाल्ला.

परतताना जीप मोहनरावच चालवत होते. आरोही शेजारी बसली होती, साडी मांडीवर. परळी जवळ आली तशी ती त्यांच्याकडं वळली.

"आप्पा, गाडीत तिसरं कुनी न्हाई," ती म्हणाली. आवाज शांत होता. "जे व्हायचं ते झालं. मी कुनाला सांगनार न्हाई. आईला बी न्हाई. एकदा तुमच्या तोंडानं मला सांगा. आपलं देवक काय?"

रस्ता मोकळा होता. सांगायला काहीच हरकत नव्हती. गाव नव्हतं, कमान नव्हती, शहादेव नव्हता. मोहनराव बोलायला तयारही झाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण आत्ता रुई म्हटलं, तर मघाशी त्या ओसरीत जे झालं ते मग काय होतं? रुई असेल, तर पोटच्या पोरीला आपण विनाकारण तिच्या माणसाच्या हातात राखी बांधायला लावली. गरुडपंख असेल, तर ते नशिबाचं होतं, कुणाचाच दोष नव्हता. या माणसाला आता स्वतःचं तोंड बघायला एकच जागा उरली होती, आणि ती सोडायची त्याची छाती झाली नाही.

"गरुडपंख," ते म्हणाले.

"बरं," आरोही म्हणाली.

परळीच्या स्टँडाजवळ ती गाडी थांबवा म्हणाली. त्यांना वाटलं, पाणी हवं असेल. तिनं ती साडी सीटवर नीट घडी करून ठेवली, पर्स घेतली आणि उतरली. केजची बस लागलेली होती. केजहून नांदूरघाटाला गाड्या मिळतात. तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि त्यांनीही हाक मारली नाही. हाक मारायला तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याची त्यांना भीती वाटली.

घरी पोचले तेव्हा छबुबाई कमानीखाली उभ्या होत्या. त्यांनी जीपमध्ये वाकून पाहिलं, सीटवरची साडी पाहिली, मग नवऱ्याकडं पाहिलं.

"पोरगी कुटंय?"

"गेलीय शहादेवाकडं. येईल," मोहनराव म्हणाले.

छबुबाईंनी पायातल्या चपला न काढताच आत जाऊन एक पिशवी भरली आणि बाहेर आल्या. रस्त्याला लागण्याआधी त्या नवऱ्यासमोर थांबल्या. मोहनरावांना वाटलं, आता शिव्या देतील.

"मी परक्या घरची," त्या म्हणाल्या, आणि स्टेशनाच्या दिशेनं चालू लागल्या.